कुणाच्या अध्यात ना मध्यात

जवळपास प्रत्येक महाविद्यालयाच्या हजेरीपटात अशी काही नावं असतात. वर्गातली हजेरी नियमित, मागच्या बाकावरची जागा ठरलेली, वही नीटनेटकी, लेखी चाचणीत गुण बरे. पण तोंडी परीक्षा, सादरीकरण किंवा गटचर्चा असली की त्या दिवशी नेमकी गैरहजेरी. कारण विचारावं तर ताप, पोटदुखी, घरी पाहुणे आले, एसटी चुकली. कुरुंदवाडला राहणाऱ्या आणि शिरोळ तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं या नावांकडे लक्ष गेलं, ते हजेरी आणि अंतर्गत गुण एका तक्त्यात शेजारी शेजारी भरताना. तीच ती नावं, वेगवेगळ्या विषयांत, पण गैरहजेरी मात्र बोलायच्या दिवशीच.

तोवर या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये एकच मत होतं: शांत आहेत, गुणी आहेत. गोंधळ घालणारा मुलगा सगळ्या शिक्षकांना तोंडपाठ असतो. जो कुणालाच त्रास देत नाही, त्याचं नाव जूनपासून मार्चपर्यंत कुणी काढत नाही. मॅडमनी त्या नावांना एकेकटं बोलावून गप्पा मारायला सुरुवात केली आणि पुढची बरीच वर्षं त्यांच्या कामाचा मोठा भाग याच मुलांनी व्यापला. इथे येणारी मुलं-मुली कुणी एकेकटी व्यक्ती नाहीत. ओळख पटू नये म्हणून अनेकांचे अनुभव एकत्र गुंफले आहेत.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं कुरुंदवाड म्हणजे भोवतालच्या खेड्यांचं बाजाराचं आणि शिक्षणाचं गाव. खिद्रापूर, राजापूर, अकिवाट, तेरवाड, हेरवाड, शिरढोण, औरवाड अशा गावांतून कुरुंदवाड आगाराच्या गाड्या सकाळी भरून येतात. बहुतेकांच्या घरी ऊस आणि दोन म्हशी, काहींचे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. मुलगा अकरावीला गेला तरी गावात तो ‘अमक्याचा थोरला’ असतो. चुकला तर वडिलांचं नाव निघतं, बक्षीस मिळालं तरी वडिलांचंच. या माणसांच्या दाटीत आधार असतो, हे खरंच. पण ज्याच्या मनात माणसांच्या नजरेची धास्ती बसली आहे, त्याला इथे लपायला जागा नसते.

द्वितीय वर्षाचा एक मुलगा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. एकादशीच्या रात्री सगळं गाव समोर बसलेलं असताना त्याचा हात कधी चुकला नाही. हाच मुलगा वर्गात ‘हजर’ म्हणायला घाबरायचा. “माझा नंबर यायच्या आधी चार-पाच नावांपास्नंच तोंडाला कोरड पडतीया मॅडम. आवाज फुटंल का न्हाई असं वाटतंय. सगळी माझ्याकडंच बघत्यात,” तो म्हणाला. मग भजनात कसं जमतं? त्याचं उत्तर तयार होतं. तिथे लोकांचं ध्यान पखवाजाकडे असतं, इथे माझ्याकडे असतं.

एका मुलीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या महाडीबीटी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्ती अर्जात त्रुटी निघाली होती. दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभं राहायचं आणि कारकुनाला अडचण सांगायची, एवढंच काम होतं. ती खिडकीपर्यंत जायची आणि परत फिरायची. कारकुनाने मोठ्याने काही विचारलं आणि मागच्यांनी ऐकलं तर? मुदत संपली, त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. घरी तिने सांगितलं, अजून जमा झाली नाही. वडिलांनी फी भरण्यासाठी उसने पैसे आणले. त्या दिवसापासून भीतीच्या जोडीला खोटं बोलल्याची बोच आली आणि आपण घरच्यांना महागात पडतोय हा विचारही आला.

या भीतीला मानसशास्त्रात सामाजिक चिंता म्हणतात. साधा लाजरेपणा आणि ही चिंता यांत फरक आहे. लाजरा माणूस थोडा वेळ अवघडतो आणि मग रुळतो. सामाजिक चिंतेत माणूस प्रसंगाच्या कितीतरी दिवस आधीपासून झुरतो, प्रसंगात थिजतो आणि नंतर रात्र रात्र तेच तेच आठवून स्वतःला बोल लावत राहतो. लंडनमधले मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये इतर भयगंडांपासून ही भीती वेगळी दाखवली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळालं. ती बहुधा किशोरवयात सुरू होते, म्हणजे मूल कॉलेजात येतं तेव्हा ती त्याच्यासोबत काही वर्षं राहिलेली असते. त्यामुळे ‘माझा स्वभावच असा’ अशी मुलाची स्वतःची खात्री झालेली असते आणि आईवडिलांचीही.

ही भीती टिकते कशी, याचा उलगडा डेव्हिड क्लार्क आणि अ‍ॅड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये केला. बोलायला उभं राहिल्यावर अशा माणसाचं लक्ष समोरच्यांवरून उडतं आणि पूर्णपणे स्वतःवर येतं. आतली धडधड जितकी मोठी, तितकीच ती बाहेर दिसते असं तो धरून चालतो. समोरचा जांभई देतोय की मान डोलावतोय, हे त्याला दिसतच नाही. शिवाय तो बचावाच्या युक्त्या योजतो: कागदातून मान वर न काढणं, भराभर वाचून टाकणं, मोबाइलमध्ये डोकं घालणं, कोपऱ्यातली जागा धरणं. प्रसंग निभावतो, पण युक्तीमुळे निभावला असं वाटतं. युक्तीशिवायही काही बिघडलं नसतं, हे कळायची संधीच हुकते आणि भीती होती तिथेच राहते.

मॅडमनी हे वाचलं आणि त्यांना पटावरच्या गैरहजेरीचा अर्थ लागला. तोंडी परीक्षेला दांडी मारणं हीसुद्धा बचावाची युक्तीच होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रकल्प, सादरीकरण, कार्यानुभव प्रशिक्षण यांचं प्रमाण वाढलं आहे. हेतू चांगला आहे. पण ज्या मुलाचं निम्मं बळ चारचौघांत उभं राहण्यातच खर्च होतं, त्याला प्रत्येक सत्रात या परीक्षेतून जावं लागतं, आणि याची दखल गुणपत्रिकेत ‘गैरहजर’ या एका शब्दाने घेतली जाते.

सामाजिक चिंता असली की माणूस जिवाचं बरंवाईट करतोच, असं अजिबात नाही. बहुतेक मुलं तिथवर कधीच जात नाहीत. कुणाच्याही आत्महत्येला एकच एक कारण नसतं. पण ही चिंता दोन दारं उघडते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे: एक एकटेपणाचं, दुसरं नैराश्याचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मरणाच्या इच्छेमागे दोन भावना मुख्य आहेत. ‘माझं इथे कुणी नाही’ ही एक आणि ‘मी सगळ्यांना ओझं झालो आहे’ ही दुसरी. शिष्यवृत्ती गमावलेल्या मुलीच्या मनात या दोन्ही एकदम वस्तीला आल्या होत्या, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले होते; कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. अहवालात कारणांचे रकाने असतात: कौटुंबिक अडचणी, आजारपण, परीक्षेतलं अपयश, प्रेमप्रकरण. माणसांच्या भीतीचा रकाना त्यात नाही. पोलिसांकडे नोंद होते ती शेवटच्या घटनेची. आधीची चार वर्षं मूल कुठे जेवायला गेलं नाही, कुणाशी बोललं नाही, कुठल्या खिडकीवरून परत फिरलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

शिष्यवृत्ती गमावलेल्या त्या मुलीने एकदा सहज बोलावं तसं म्हटलं, “कंटाळा आलाय मॅडम सगळ्याचा. मी नसले तर घरातला एक खर्च तरी कमी होईल.” असं वाक्य कानावर पडलं की बहुतेक मोठी माणसं घाईने विषय बदलतात. ‘असं बोलू नये वेडे’ म्हणतात, नाहीतर आईबापाच्या कष्टांची आठवण करून देतात. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?” मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “येतो.” आणि त्यानंतर ती जे बोलत सुटली, ते कॉलेजच्या दोन वर्षांत मिळून बोलली नव्हती.

असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती शिक्षकांना आणि पालकांना फार वाटते. २००५ मध्ये मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. आत्महत्येबद्दल विचारलेल्या मुलांमध्ये ते विचार वाढले नाहीत. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण उलट कमी झालेला आढळला. विचारणाऱ्याच्या आवाजात दटावणी किंवा घबराट नसली की पुरतं.

पुढच्या गोष्टी मॅडमनी त्याच दुपारी केल्या. हे कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी दिला नाही. “हे मी एकटीजवळ ठेवणार नाही. आईला सांगायचं की मावशीला, आणि कसं सांगायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू,” असं म्हणाल्या. आई येईपर्यंत मुलीला एकटं सोडलं नाही. आईशी बोलताना एक गोष्ट आवर्जून सांगितली: घरात शेतीची औषधं असतील तर ती आजच हलवा, कुलपात ठेवा, किल्ली तिच्या हाती लागू देऊ नका. ऊसपट्ट्यात तणनाशक आणि कीटकनाशक घराच्या कोपऱ्यात पडून असतं, म्हणून ही खबरदारी इथे फार मोलाची. मरणाचा आवेग बहुतेक वेळा थोडा काळ टिकतो आणि ओसरतो. त्या काळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला.

वडील दुसऱ्या दिवशी आले. गोंधळलेले होते, थोडे रागावलेलेही. “आमची पोरगी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला काय झालंय?” नंतर आवाज खाली आणून म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असं भावकीत कळलं तर उद्या स्थळ यायचं नाही. पोलिसांचं काही होणार नाही ना, हेही त्यांनी विचारलं. मॅडमनी एकही प्रश्न उडवून लावला नाही. मनात विचार येणं हा गुन्हा नाही, हे त्यांनी सांगितलं. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो आणि त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम त्यासाठीच आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ वं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या स्वरूपात राहिलेलं नाही. स्थळाच्या प्रश्नावर त्या एवढंच म्हणाल्या, “पोरगी हसती-बोलती झाली की स्थळाचं बघू.” वडिलांनी मान डोलावली. त्या आठवड्यात आई-वडील दोघं मिळून तिला कोल्हापूरला मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेले. काही महिने औषधं, सोबत समुपदेशन, आणि कॉलेजात सराव.

हा सराव हा मॅडमच्या कामाचा सर्वांत आनंदाचा भाग. भीतीच्या प्रसंगांची चढती यादी मूल स्वतःच करतं. सर्वांत खाली ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव विचारणं, मग कॅन्टीनमध्ये मैत्रिणीसोबत चहा पिणं, मग वर्गात एक प्रश्न विचारणं, आणि सर्वांत वर सादरीकरण. खालची पायरी सोपी वाटू लागल्याशिवाय वरची चढायची नाही, आणि बचावाची एकेक युक्ती सोडत जायचं. या पद्धतीला मराठीत चांगली परंपरा आहे. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना ते न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी रोज जाऊन बोलू लागले. महिन्याभरात शंभर जणींशी बोलले. भीती गेली, आकाश कोसळलं नाही. एलिस यांचा हा विचार कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात आणला, रुजवला आणि शिकवला. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने तो सामान्य माणसापर्यंत पोचवला. गावाकडच्या शिक्षकाला हे सगळं आपल्या भाषेत वाचायला मिळतं, ही मोठी सोय आहे.

पखवाज वाजवणाऱ्या मुलाचं काम एका मोबाइलने सोपं केलं. रिकाम्या वर्गात मॅडम आणि दोन मित्र यांच्यासमोर तो तीन मिनिटं बोलला आणि मित्राने चित्रण केलं. पाहण्याआधी त्याला सांगायला लावलं, काय दिसेल? तो म्हणाला, हात थरथरताना दिसतील, आवाज कापताना ऐकू येईल. चित्रण पाहून झाल्यावर तो पडद्याकडे बघत राहिला. “न्हाई की दिसत!” क्लार्क यांच्या उपचारपद्धतीतही चित्रणाचा असाच वापर करतात. आतली धडधड बाहेर दिसत नाही, हे शंभर वेळा सांगून पटत नाही; एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटतं. त्या सत्रात तो सादरीकरणाला आला. अडखळला, पाणी प्यायला, आणि पुरं केलं.

मॅडमना आणखी एक धडा महापुराने दिला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने शिरोळ तालुक्यातल्या गावांना वेढा घातला तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं मदतीच्या छावण्यांत राबत होती. वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं तिथे अनोळखी माणसांना ताट वाढत होती, म्हाताऱ्यांची औषधं विचारून लिहून घेत होती. हातात ठरलेलं काम असलं की नजर स्वतःवरून हटते आणि कामावर जाते, तेव्हा भीतीही सैल पडते. त्यानंतर अबोल मुलाला थेट व्यासपीठावर ढकलायचं मॅडमनी कायमचं बंद केलं. ‘बोल रे, घाबरतोस काय’ असं म्हणून सगळ्यांपुढे उभं करणं हे धाडस शिकवणं नव्हे. त्याने जखम खोल होते. आधी काम द्यायचं: पाहुण्यांचं स्वागत, नोंदणीचं टेबल, ग्रंथप्रदर्शनाची मांडणी.

एका शिक्षिकेच्या जिव्हाळ्यावर हे सगळं चालू राहावं, हे बरोबर नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हायला हवं. मदतीचे क्रमांक ठळकपणे लावायला हवेत. विद्यार्थ्यांचा जाहीर पाणउतारा करायचा नाही. ग्रामीण महाविद्यालयांना यातलं बरंच काही अजून करायचं आहे. समुपदेशन कक्षाची पाटी दारावर असते. आत माणूस बसलेला असायला हवा, आणि तो कक्ष येण्या-जाण्याच्या वाटेवर सगळ्यांच्या नजरेपुढे नको, बाजूला हवा. ज्याला नजरेची भीती आहे, तो सगळ्यांसमोरून त्या दारात शिरणार नाही.

‘लोक काय म्हणतील’ हे एकट्या मुलाच्या मनातलं नसतं, ते गावाचंही असतं. आणि गाव बदलू शकतं, याचा पुरावा कुरुंदवाडच्या शेजारीच आहे. हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पती वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या जे बोलायचीही चोरी होती, ते चारचौघांत मांडून हात वर करून संपवता येतं, हे या तालुक्याने करून दाखवलं आहे. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्या घराला कुणी नावं ठेवणार नाही, आणि घरोघरी शेतीची औषधं कुलपात राहतील, असा ठराव ग्रामसभेत मांडायला कुठलीही अडचण नाही. सरपंच, मुख्याध्यापक आणि गावातली आशा सेविका एकत्र बसले तर एका सभेचं काम आहे.

प्राध्यापकांनी येत्या तोंडी परीक्षेनंतर गैरहजर नावांची यादी काढावी, मागच्या सत्राच्या यादीशी ताडून पाहावी, आणि दोन्हींत आलेल्या प्रत्येक नावाला एकेकटं बोलवावं. पालकांनी शांत मुलाला आठवड्यातून एकदा मार्कांखेरीज दुसरं काहीतरी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. मूल एकाएकी सगळ्यांपासून तुटत असेल, जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, निरोपाचं बोलत असेल, तर सरळ विचारावं, एकटं सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. हे वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात असे विचार येत असतील, तर त्यांनी आजच एका तरी माणसाला सांगावं. समोरासमोर बोलणं कठीण वाटत असेल तर फोन आहे, तिथे कुणी आपल्याकडे बघत नसतं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं.